खडा फेकू नका, त्याला बोलू द्या



एप्रिल उजाडला की आमच्या दवाखान्यात एक ठरलेले दृश्य दिसू लागते. चांगला धडधाकट माणूस कमरेवर हात ठेवून, अर्धा वाकून आत येतो. त्याला धड बसवत नाही, धड निजवत नाही. कपाळावर घाम, तोंडाला कोरड आणि मधूनमधून ओकारी. "डॉक्टरसाहेब, काही तरी करा जी, जीव चालला माहा!" एवढेच शब्द त्याच्या तोंडून निघतात. कमरेपासून निघून जांघेपर्यंत जाणारी ही कळ एकदा ज्याने भोगली, तो ती जन्मभर विसरत नाही. हा मुतखड्याचा त्रास आपल्या वर्धा जिल्ह्याला नवा नाही. वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, माणसे उन्हातान्हात राबतात, घामावाटे शरीरातले पाणी निघून जाते आणि लघवी घट्ट होते. घट्ट लघवीत क्षार जमतात. चहाच्या भांड्यात पाणी आटवत ठेवले तर बुडाशी जसा पांढरा थर बसतो, तशातलाच हा प्रकार.

मुतखड्यावर या सदरात पूर्वीही लिहून झाले आहे. आज मात्र मला त्याच्या उपचारापेक्षा त्याच्या ओळखीबद्दल लिहायचे आहे. खडा पडला किंवा काढला, तर तो नेमका कशाचा बनलेला आहे हे कसे ओळखतात आणि ते ओळखल्याने रोग्याचा काय फायदा होतो, हा आजचा विषय. यासाठी जे शास्त्र वापरतात त्याचे नाव थोडे भारदस्त आहे, 'अवरक्त वर्णपटविज्ञान'. पण घाबरू नका. ज्याने झोपाळ्यावर मुलाला झोका दिला आहे, त्याला ते समजेल.

देवघरातल्या तीन बाटल्या

देवळी भागातले एक शेतकरी, वय पन्नाशीच्या पुढे. त्यांना मी काकाजी म्हणतो. अकरा वर्षांत त्यांना तीनदा मुतखडा झाला. एकदा आपोआप पडला, दोनदा काढावा लागला. दर वेळी कर्ज, दर वेळी महिनाभर शेतीचे काम बंद. काढलेला खडा डॉक्टरांनी लहानशा बाटलीत घालून हाती दिला, तो काकाजींनी देवघराच्या फळीवर ठेवला. पहिलाही त्यांनी जपून ठेवला होता. अशा तीन बाटल्या जमल्या.

चौथ्यांदा कळ आली तेव्हा ते माझ्याकडे आले. कोणी तरी सांगितले म्हणून त्यांनी दूध बंद केले होते, टमाटे बंद, वांगे बंद, पेरू बंद. "आता काय फक्त हवा खाऊन राहू काय, डॉक्टरसाहेब?" असे त्यांनी विचारले तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते. कारण त्यांचा खडा कशाचा आहे हे आमच्यापैकी कोणीच कधी पाहिले नव्हते. मी दुसऱ्यांना बोल लावत नाही. मीही माझ्या उमेदीच्या काळात कितीतरी रोग्यांचे खडे हातात घेऊन, "वा, चांगला मोठा आहे!" असे म्हणून परत दिले किंवा कचऱ्याच्या टोपलीत टाकले आहेत. आज त्याचे वाईट वाटते.

त्या दिवशी मी काकाजींना घरी पाठवून बाटल्या मागवल्या आणि त्यांतले खडे तपासणीला पाठवले. आठवड्याभराने अहवाल आला. तिन्ही खडे एकाच जातीचे होते आणि ती जात आपल्याकडे नेहमी आढळते ती नव्हती. त्या अहवालाने काकाजींचे औषधही बदलले आणि ताटही. ते कसे, हे शेवटी सांगतो. आधी तपासणी समजून घेऊ.

खडे सगळे सारखे नसतात

मुतखड्याच्या जाती असतात ही कल्पना आजची नाही. सुश्रुतसंहितेत त्याला 'अश्मरी' म्हटले आहे आणि तिचे कफज, वातज, पित्तज व शुक्रज असे चार प्रकार सांगितले आहेत. आधुनिक रसायनशास्त्रानेही आपले काही महत्त्वाचे शोध मुतखड्यातच लावले. १७७६ साली स्वीडनच्या शील या शास्त्रज्ञाने मूत्राशयातल्या खड्यात युरिक आम्ल शोधून काढले. १८१० साली इंग्लंडमध्ये वोलास्टनने अशाच एका खड्यात सिस्टीन हा पदार्थ शोधला.

आज आपण ढोबळमानाने पुढील जाती मानतो. पहिली कॅल्शियम ऑक्झलेट, ही सर्वांत जास्त. दुसरी कॅल्शियम फॉस्फेट. तिसरी युरिक आम्ल. चौथी स्ट्रुव्हाइट, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम व फॉस्फेट यांची, जी जंतुसंसर्गामुळे बनते. पाचवी सिस्टीनची, ही आनुवंशिक आणि विरळ. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील तज्ज्ञांनी २००५ साली उत्तर भारतातील रोग्यांच्या १०५० खड्यांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत सुमारे ९३ टक्के खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे निघाले. त्यामुळे "बहुतेक तेच असणार" असे समजून उपचार करण्याची आम्हा डॉक्टरांना सवय लागली. शंभरांतल्या नव्वदांना ते लागू पडते, पण उरलेल्यांचे काय? काकाजी उरलेल्यांपैकी होते.

नुसत्या डोळ्यांनी जात ओळखता येत नाही का? अनुभवी माणूस अंदाज बांधतो. ऑक्झलेटचा खडा काळसर, खरखरीत किंवा काटेरी, युरिक आम्लाचा पिवळा-तांबूस, सिस्टीनचा मेणासारखा. पण तो अंदाजच. रसायने टाकून करायची जुनी चाचणीही आहे. तिला खडा जास्त लागतो आणि ती फसतेही. एक उदाहरण देतो. काही घराण्यांत एका किण्वकाच्या, म्हणजे एन्झाइमच्या जन्मजात अभावामुळे '२,८ डायहायड्रॉक्सिॲडेनिन' नावाच्या पदार्थाचे खडे होतात. जुन्या रासायनिक चाचणीत हा पदार्थ हुबेहूब युरिक आम्लासारखा वागतो. युरिक आम्ल समजून त्या रोग्याची लघवी अल्कधर्मी करत बसले तर खडा विरघळत नाही आणि हळूहळू मूत्रपिंड निकामी होऊ शकते. योग्य ओळख पटली तर मात्र ॲलोप्युरिनॉल या साध्या, जुन्या गोळीने त्याचे मूत्रपिंड वाचते. ही ओळख अवरक्त किरण एका झटक्यात पटवतात.

डोळ्यांना न दिसणारा प्रकाश

अवरक्त किरण आपल्याला दिसत नाहीत, पण रोज जाणवतात. चुलीतला जाळ विझल्यावर निखाऱ्यांपुढे हात धरला की जी धग लागते, दुपारी टिनाच्या छपराखाली डोक्यावर जी भट्टी पेटल्यासारखी वाटते, ती मुख्यतः याच किरणांची करामत. त्यांचा शोध १८०० साली विल्यम हर्शेलने लावला. हा माणूस पेशाने वादक-संगीतकार होता, पुढे आकाशाचा अभ्यास करू लागला. १७८१ साली युरेनस ग्रह त्यानेच शोधला. त्याने सूर्यप्रकाश लोलकातून पाठवून त्याचे सात रंग पाडले आणि प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवून उष्णता मोजली. जांभळ्याकडून तांबड्याकडे जाताना पारा वाढत गेला. मग त्याने थर्मामीटर तांबड्या रंगाच्याही पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हते, तिथे ठेवला. तिथे पारा आणखी चढला! तांबड्याच्या पलीकडचा तो न दिसणारा प्रकाश म्हणजेच अवरक्त किरण.

आता झोपाळ्याकडे वळू. कोणताही पदार्थ अणूंचा बनलेला असतो आणि अणू एकमेकांना बंधांनी जोडलेले असतात. हे बंध लोखंडी कांबीसारखे ताठ नसून स्प्रिंगसारखे असतात. त्यामुळे अणू सतत थरथरत असतात. हलके अणू घट्ट स्प्रिंगला असतील तर ते भराभर थरथरतात, जड अणू ढिल्या स्प्रिंगला असतील तर सावकाश. ही 'सावकाश' थरथरसुद्धा सेकंदाला हजारो अब्ज वेळा होते, हे वेगळे सांगायला नको.

झोपाळ्यावर बसलेल्या मुलाला झोका देताना आपण त्याच्या लयीत धक्का देतो. लय जुळली तर थोड्या जोरात झोका उंच जातो. लय चुकली तर आपला जोर वाया जातो. अवरक्त किरणांच्या लहरींची लय नेमकी अणूंच्या थरथरीच्या लयीइतकी असते. ज्या लहरीची लय बंधाच्या लयीशी जुळते, ती लहर पदार्थ शोषून घेतो. जिची जुळत नाही ती पार निघून जाते. तेव्हा पदार्थावर सर्व प्रकारच्या अवरक्त लहरी सोडायच्या आणि पलीकडे कोणत्या पोचल्या व कोणत्या वाटेत गिळल्या गेल्या याचा आलेख काढायचा, एवढीच ही युक्ती. या आलेखालाच वर्णपट म्हणतात.

प्रत्येक पदार्थाचा हा आलेख वेगळा. कॅल्शियम ऑक्झलेटचा एक, युरिक आम्लाचा दुसरा, स्ट्रुव्हाइटचा तिसरा. आलेखातला एक भाग तर इतका खास असतो की शास्त्रज्ञ त्याला पदार्थाच्या 'अंगठ्याच्या ठशाचा भाग' म्हणतात. तहसील कचेरीत अंगठ्याच्या ठशावरून माणूस ओळखतात, तसा यावरून पदार्थ ओळखतात. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या विल्यम कोब्लेंट्झने अनेक पदार्थांचे असे आलेख कष्टाने काढून ठेवले आणि या विद्येचा पाया घातला. आपल्या सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी शोधलेला 'रामन परिणाम' हा याच विद्येचा सख्खा भाऊ म्हणायला हरकत नाही. त्यातही अणूंच्या थरथरीवरूनच पदार्थ ओळखतात, फक्त मार्ग वेगळा.

खड्याची तपासणी कशी होते

प्रयोगशाळेत खडा पोचला की प्रथम तो धुऊन कोरडा करतात. पाणी स्वतःच अवरक्त किरण भरपूर शोषते, त्यामुळे ओला खडा आलेखात गोंधळ माजवतो. मग खडा फोडून पाहतात. चांगला तपासनीस खड्याचा गाभा आणि वरचे थर वेगवेगळे तपासतो, कारण खड्याची सुरुवात एका पदार्थाने झालेली असते आणि वर दुसऱ्याचाच थर चढलेला असू शकतो. झाड तोडल्यावर खोडातली वर्तुळे पाहून झाडाचा इतिहास कळतो, तसे हे आहे.

नंतर त्याची बारीक पूड करतात. पूड किती लागते? एक-दोन मिलिग्रॅम! तांदळाच्या एका दाण्याच्या दहाव्या हिश्श्याइतकी. जुन्या पद्धतीत ही पूड पोटॅशियम ब्रोमाइड नावाच्या क्षारात घोटून, दाबयंत्राखाली तिची लहानशी पारदर्शक चकती बनवतात. काच का वापरत नाहीत? कारण काच आपल्याला पारदर्शक दिसली तरी या लहरींना ती भिंतीसारखी अडवते. पोटॅशियम ब्रोमाइड मात्र त्यांना मोकळी वाट देते. नव्या यंत्रांत चकतीचीही गरज नसते. छोट्या हिऱ्याच्या पृष्ठभागावर पूड दाबून ठेवली की काम भागते.

पूर्वी यंत्राला एकेक लहर वेगळी करून मोजावी लागे. आताची यंत्रे सगळ्या लहरी एकदम सोडतात आणि आत एक सरकता आरसा असतो. भजनात पेटी, टाळ, मृदंग आणि खंजिरी एकाच वेळी वाजतात, तरी जाणकार कान प्रत्येकाचा आवाज वेगळा काढतो. तेच काम इथे संगणक करतो. त्यासाठी लागणारे गणित फूरिये या फ्रेंच गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मांडून ठेवले होते. म्हणून या यंत्राच्या नावात फूरियेचे नाव आहे आणि प्रयोगशाळेच्या पावतीवर 'एफटीआयआर' अशी अक्षरे दिसतात. आलेख मिनिटाभरात निघतो. संगणक तो आपल्या संग्रहातल्या ओळखीच्या आलेखांशी ताडून पाहतो आणि अहवालात लिहितो: अमुक टक्के हा पदार्थ, अमुक टक्के तो.

या यंत्राच्याही मर्यादा आहेत. मिश्र खड्यात एखादा पदार्थ अगदी थोडा असेल तर तो नजरेतून सुटू शकतो. संगणकाने सांगितलेली जात तज्ज्ञाने स्वतः आलेख पाहून पक्की करावी लागते. आणि खडा का झाला हे यंत्र सांगत नाही, कशाचा झाला एवढेच सांगते. 'का' साठी रोग्याची विचारपूस, लघवीची व रक्ताची तपासणी लागतेच.

एक खडा, जो खडाच नव्हता

या तपासणीची एक गंमत सांगतो, जरी ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. एक बाई आपल्या तरुण मुलाला घेऊन आल्या. मुलाला मुतखडा होता, सोनोग्राफीत दिसला होता. बाजाराच्या दिवशी बसणाऱ्या एका बाबाने म्हणे मुलाच्या कमरेला तोंड लावून खडा ओढून काढला आणि पैसे घेतले. "निघाला जी खडा, आम्ही डोळ्यांनं पाह्यला. तरी पोराले अजून कळ काहून येते?" असा त्यांचा प्रश्न होता. खडा त्यांनी रुमालात बांधून आणला होता.

मी तो इतर नमुन्यांबरोबर पाठवून दिला. अहवाल आला: क्वार्ट्झ. म्हणजे गार, नदीच्या वाळूत सापडते ती! माणसाच्या शरीरात क्वार्ट्झचा मुतखडा होत नसतो. मुलाचा खरा खडा मूत्रनलिकेत तसाच अडकलेला होता आणि वरचे मूत्रपिंड फुगायला लागले होते. वेळेवर पाठवल्याने मूत्रपिंड वाचले. मी त्या माउलीला रागावलो नाही. पोराच्या वेदनेपुढे आई कुठेही जाते. पण त्या दिवशी मला पटले की बाबाशी वाद घालण्यापेक्षा आलेखाचा एक कागद जास्त बोलतो.

चीनमध्ये २००८ साली याच विद्येने फार मोठे काम केले. तिथे तान्ह्या बाळांना अचानक मुतखडे होऊ लागले. दुधात पाणी घालून ते लपवण्यासाठी काही लबाडांनी मेलामाइन नावाचे रसायन मिसळले होते. प्रथिने मोजण्याची नेहमीची चाचणी प्रत्यक्षात नायट्रोजन मोजते आणि मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर. त्यामुळे पाणीदार दूधही कागदावर कसदार ठरे. सुमारे तीन लाख मुलांना बाधा झाली आणि सरकारी आकड्यांनुसार सहा बालके दगावली. त्या बाळांचे खडे अवरक्त किरणांखाली तपासले तेव्हा त्यांत युरिक आम्लाबरोबर मेलामाइन स्पष्ट दिसले. दुधातले पाप बाळाच्या खड्यात लिहिलेले सापडले.

हेच शास्त्र इतरही ठिकाणी उपयोगी पडते. औषधाच्या कारखान्यात कच्चा माल खरा की बनावट हे याच आलेखावरून ठरवतात, आपल्या भारतीय औषधकोशातही ही पद्धत सांगितली आहे. मोठ्या डेअऱ्यांत दुधातील फॅट व प्रथिने मोजणारी यंत्रे याच तत्त्वावर चालतात. आपला जिल्हा कापसाचा आणि खादीचा. खादी म्हणून विकलेल्या कापडात पॉलिएस्टरचा धागा असेल तर तोही या आलेखात लपत नाही.

जात कळली की उपचार बदलतो

आता मुद्द्याचे. कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा विरघळवणारे औषध आजवर निघालेले नाही. लहान असेल तर आपोआप पडतो, मोठा असेल तर काढावा लागतो. पण पुन्हा होऊ नये म्हणून बरेच करता येते. यात लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज दुधाबद्दल आहे. "खडा कॅल्शियमचा, मग दूध बंद!" असे सर्रास सांगतात. प्रत्यक्षात उलटे आहे. जेवणातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवते आणि शौचावाटे बाहेर नेते. कॅल्शियम कमी केले तर मोकळे ऑक्झलेट रक्तात जाऊन लघवीत उतरते. इटलीतील डॉक्टरांनी वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांवर पाच वर्षे केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. दूध-दही नेहमीसारखे घेऊन मीठ व मांसाहार कमी करणाऱ्या ६० जणांपैकी १२ जणांना पुन्हा खडा झाला. दूध-दही कमी करणाऱ्या ६० जणांपैकी २३ जणांना झाला. तेव्हा दूध, ताक, दही जेवणाबरोबर अवश्य घ्यावे. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. पालक, राजगिऱ्याचा पाला व धोप्याची पाने यांत ऑक्झलेट जास्त असते, ती रोज खाऊ नयेत. खायची तेव्हा ताकात शिजवावीत. टमाट्याच्या किंवा वांग्याच्या बिया जाऊन मूत्रपिंडात बसतात हा निव्वळ भ्रम आहे. लोणचे, पापड, ठेच्यातले मीठ मात्र खरोखर कमी करावे, कारण मीठ वाढले की लघवीतले कॅल्शियमही वाढते.

स्ट्रुव्हाइटचा खडा निघाला तर समजावे की युरिया फोडणारे जंतू लघवीत ठाण मांडून बसले आहेत. इथे खड्याचा कणही मागे राहता कामा नये, कारण त्या कणात जंतू दडलेले असतात. सिस्टीनचा निघाला तर रोग्याच्या भावंडांचीही तपासणी करावी आणि दिवसाच नव्हे तर रात्री उठूनही पाणी प्यावे लागते. क्वचित एखाद्या औषधाचाच खडा होतो. एचआयव्हीवरील इंडिनावीर या जुन्या औषधाचे खडे तर सीटी स्कॅनलाही दिसत नसत, ते या आलेखानेच पकडले.

आणि युरिक आम्ल? या खड्याची बातमी चांगली आहे. तो औषधाने विरघळू शकतो! लघवी सतत आम्लधर्मी राहिली की तो बनतो. मधुमेह, लठ्ठपणा, संधिवाताचा एक प्रकार आणि उन्हात पाणी कमी पिणे ही त्याची नेहमीची कारणे. साध्या क्ष-किरण फोटोत तो दिसत नाही, सोनोग्राफीत दिसतो. पोटॅशियम सायट्रेटसारख्या औषधाने लघवीचे आम्ल कमी केले तर काही आठवड्यांत ते महिन्यांत खडा झिजत जातो. मात्र हे औषध मनाने घेऊ नये. मूत्रपिंड दुर्बल असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर रक्तातले पोटॅशियम धोकादायक वाढू शकते. लघवी गरजेपेक्षा जास्त अल्कधर्मी झाली तर फॉस्फेटचा खडा होण्याची भीती असते, म्हणून लघवीची तपासणी अधूनमधून करावी लागते.

काकाजींचे तिन्ही खडे युरिक आम्लाचे होते. त्यांच्या रक्तातली साखर तपासली तर मधुमेहही सापडला, जो त्यांना ठाऊकच नव्हता. चौथा खडा अजून आत होता. मूत्रपिंडाचे काम व पोटॅशियम तपासून औषध सुरू केले, साखर आटोक्यात आणली, मटणाचे प्रमाण कमी करायला सांगितले, पाणी वाढवले. चार महिन्यांनी सोनोग्राफी केली तेव्हा खडा दिसला नाही. ना ऑपरेशन, ना कर्ज. त्यांच्या ताटात दूध, टमाटे आणि वांग्याची भाजी परत आली. "अकरा वर्षं उगाच वांगं सोडलं मी," एवढेच ते म्हणाले. मला ते वाक्य बोचले. पहिला खडा पडला तेव्हाच तो तपासला असता तर पुढचे दोन कदाचित झालेच नसते आणि मधुमेहही आधी कळला असता.

वाचकांनी काय करावे

खडा होऊन गेलेल्यांनी आणि सध्या कळ सोसणाऱ्यांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

खडा पडण्याची वाट पाहत असाल तर लघवी चहाच्या जुन्या गाळणीतून किंवा स्वच्छ मलमलच्या कापडातून गाळावी. खडा सापडला की साध्या पाण्याने धुऊन, सावलीत पूर्ण कोरडा करून, स्वच्छ कोरड्या बाटलीत ठेवावा. त्याला चिकटपट्टी लावू नये, कापसात गुंडाळू नये, स्पिरिट किंवा फॉर्मेलिनमध्ये बुडवू नये. चिकटपट्टीचा गोंदही आलेखात उमटतो आणि तपासनिसाची दिशाभूल करतो. बाटलीवर नाव व तारीख लिहावी. खडा ज्वारीच्या दाण्याहून लहान असला तरी तो पुरतो.

ऑपरेशनने किंवा दुर्बिणीने खडा काढला असेल तर डॉक्टरांना नम्रपणे सांगावे, "याची जात तपासायची आहे, तुकडा द्या." आपल्या गावच्या पॅथॉलॉजी लॅबमार्फत नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवता येतो. दुसऱ्यांदा खडा झालेले, लहान मुले, एकच मूत्रपिंड असलेले आणि ज्यांच्या घरात अनेकांना खडे आहेत, त्यांनी तर ही तपासणी टाळूच नये. वर्षानुवर्षे जपून ठेवलेला कोरडा खडाही चालतो.

जात कोणतीही असो, पाणी हे पहिले औषध. १९९६ साली इटलीतच झालेल्या एका अभ्यासात पहिल्यांदा खडा झालेल्या १९९ रोग्यांना पाच वर्षे पाहिले. भरपूर पाणी पिणाऱ्या गटात १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, इतरांच्या गटात २७ टक्क्यांना. किती पाणी प्यावे? चोवीस तासांत लघवी दोन ते अडीच लिटर व्हावी इतके. उन्हात काम करणाऱ्याला त्यासाठी चार लिटर किंवा अधिकही प्यावे लागेल. लिटर मोजणे जमत नसेल तर लघवीचा रंग पाहावा. पाण्यासारखी फिकट असेल तर ठीक, हळदीसारखी पिवळी असेल तर लगेच तांब्याकडे वळावे. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. कुळथाचे कढण बहुतेकांना अपाय करत नाही, त्यातून पाणीही पोटात जाते. पण त्याने मोठा खडा विरघळेल या भरवशावर महिनोन् महिने बसू नये.

आणि एक धोक्याची सूचना. कळेबरोबर थंडी वाजून ताप आला, लघवी अजिबात बंद झाली, रोगी गरोदर असेल किंवा त्याला एकच मूत्रपिंड असेल, तर घरी थांबू नका. अडकलेल्या लघवीत जंतू वाढले तर काही तासांत जिवावर बेतते. सरळ सेवाग्राम, सावंगी किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावे.

तुमच्यापैकी कोणाच्या देवघरात, कपाटात किंवा ट्रंकेच्या कोपऱ्यात अशी एखादी बाटली असेल, तर ती आजच बाहेर काढा आणि आपल्या डॉक्टरांकडे घेऊन जा.